बिननावाची घागर

१

खोटं खोटं म्हणूनच लोकांपुढे मांडलं तर ती कला होते, असं हितेंद्रचं म्हणणं. पुण्या-मुंबईच्या लोकांना तो हे सांगायचा तेव्हा ते माना डोलवायचे. घरी आईला सांगायचा तेव्हा सुनंदाबाई म्हणायच्या, "मंग आपला दूधवाला बी कलाकारच म्हन." आईपुढे हितेंद्रचं काही चालत नसे आणि हितेंद्रपुढे आईचं. दोघांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

जळगावात एका बंद पडलेल्या दाल मिलच्या मागे त्याची शेड होती, शेडमध्ये विजेची भट्टी, आणि शेडला लागून घर. घरात तो, आई, आणि आठवा महिना लागलेली बायको, नूतन. वडील, पंडितनाना, गेल्या पावसाळ्यात गेले होते.

त्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनासाठी त्याने हाती घेतलेलं मडक्यांचं काम मोठं होतं. धुळ्यात पूर्वी सुरेशचंद नावाचे एक शेठ होते. त्यांनी एका कुंभाराकडून मडकी घडवून घेतली आणि हजारो वर्षांपूर्वीची म्हणून बाहेरच्या हौशी लोकांच्या गळ्यात मारली. तीही साधी मडकी नव्हेत. फार जुन्या काळी तान्हं मूल गेलं की दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून, घरातच जमिनीखाली पुरायचे म्हणतात, तसली. पुढे कुणा जाणकाराने खोट पकडली, धंदा बसला, आणि उरलेली जोडी गोदामात पडून राहिली. शेठ वारले. नातू श्रेयांस गोदाम रिकामं करत होता, त्याने ती हितेंद्रला फुकट देऊन टाकली. देताना स्वतः हात लावला नाही, हमालाला उचलायला लावलं. स्वच्छ कपड्याच्या माणसाला धूळ नको असेल, एवढाच हितेंद्रने त्याचा अर्थ काढला.

जोडीतलं एक मडकं रस्त्यातल्या खड्ड्यांनी गाडीतच फुटलं. हितेंद्रला उलट आनंद झाला. साबूत मडक्यावरून त्याने प्लास्टरचा साचा घेतला, आणि फुटलेल्याचा दळून चुरा केला, तो आपल्या चिनी मातीत कालवला. जुनं खोटं नव्या खोट्याच्या अंगात गेलं पाहिजे, अशी त्याची कल्पना. फुटक्या मडक्याच्या बुडाशी माती घट्ट बसली होती, तिच्यात पांढरे खडे होते. कुंभाराचं पोरही सांगेल की चुनखडीचा खडा मातीत राहू देऊ नये, भाजल्यावर तो फुगतो आणि भांडं उडवतो. पण निवडत कोण बसणार? एवढं बारीक दळल्यावर काय होतंय, असं म्हणून त्याने सगळंच दळलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी भट्टी उघडली. मडकी अशी सुरेख निघाली होती की तो स्वतःवरच खूष झाला. एकही उडालं नव्हतं. सवयीप्रमाणे त्याने पहिलं मडकं उचललं, पाझरतं का बघायला काठोकाठ पाण्याने भरलं आणि ओट्यावर ठेवलं.

इकडे घरात रडारड. नानांच्या नावाने पहिली घागर भरायची, त्यासाठी बाजारातून आणलेली घागर ऐन वेळी तडकली होती. सुनंदाबाई उंबरठ्यावर एकेका पूर्वजाचं नाव घेऊन कुंकवाचं एकेक बोट ओढत होत्या, आणि मधूनमधून डोळे पुसत होत्या.

"त्यात काय एवढं?" हितेंद्र म्हणाला. "माझं मडकं घे. कोरं आहे, आत्ता भट्टीतून काढलं."

ते कसलं मडकं आहे हे त्याने सांगितलं नाही. मनातल्या मनात मात्र हसला. सुनंदाबाई आल्या, मडक्यात डोकावल्या आणि थबकल्या.

"भरलं तू हे? आधीच?"

"पाझरतं का बघत होतो."

"कोनाच्या नावानं भरलं?"

"कुणाच्याच नाही, आई. पाणी आहे ते."

"आखाजीच्या दिवशी कोरं मडकं बिननावानं भरलं तू? वत ते आधी. वत अन् नव्यानं भर."

"नळ चार दिवसांनी येतो आपल्याकडे. ओतून काय टाकायचं? त्यावरच नानांचं नाव घे. नानांना कळतंय की ते."

नूतनही उन्हाने कावली होती. "जाऊ द्या ना आई," ती म्हणाली आणि पोटावर हात ठेवून पुटपुटली, "रेवाला भूक लागली."

सुनंदाबाईंना हे दुसरं दुःख. पोटातल्याला नूतन सरळ नावाने हाक मारायची. मुलगीच होणार, अशी तिची खात्री होती. "जलमाच्या आधी नाव नको घेत जाऊ वं माय," त्या कितीदा म्हणाल्या असतील. पण त्या घरात त्यांचं ऐकतंय कोण? त्यांनी मडकं देवघरासमोर गव्हाच्या राशीवर ठेवलं, वर खरबूज आणि सांजोरी मांडली आणि नानांचं नाव घेतलं. आवाजात जोर नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी मडक्यातलं पाणी वीतभर उतरलं होतं.

साधं मातीचं मडकं असतं तर उतरणारच. पण हे त्या जातीचं नव्हतं. एवढ्या आचेवर भाजलेली चिनी माती दगडासारखी होते, थेंब सोडत नाही. हितेंद्रने मडकं उचलून पाहिलं. खालचे गहू कोरडे होते. उन्हाने वाफ झाली म्हणावी तर शेजारच्या तांब्यातलं पाणी होतं तेवढंच होतं.

सुनंदाबाईंचा चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी उजळला. "नाना पिऊन राह्यले रे," त्या म्हणाल्या. "त्याले उन्हाळा सहन व्हतच नव्हता." त्यांनी मडकं पुन्हा भरलं. ते पुन्हा उतरलं. मग त्या रोज भरू लागल्या, आणि नवरा घरी जेवायला येतो अशा उत्साहाने रोज बघू लागल्या.

हितेंद्रने आतल्या बाजूने पेन्सिलीची खूण केली. नूतन पिते का, म्हणून तिला विचारलं.

"त्या मडक्यातलं? शी! मी कशाला पिऊ?" मग थोडं थांबून म्हणाली, "पण दुपारी कोणीतरी पितं हो. मी आडवी झाले की आवाज येतो. चुळूक चुळूक."

"कूलर आहे तो."

कूलरचा पंप तसा आवाज करायचाच. जळगावच्या उन्हाळ्यात घराघरात दुपारभर तोच आवाज असतो, त्याची भीती कोण बाळगतं? हितेंद्रने तिचं बोलणं हसण्यावारी नेलं. पण त्याच दुपारी, रस्ते ओस पडले असताना, तो पाय न वाजवता देवघराशी गेला. मडक्याचा काठ ओला होता. सगळा नव्हे. जागोजागी, चंद्रकोरीच्या आकाराचे छोटे छोटे ओले डाग, आणि तो बघत होता तोवर ते सुकून गेले.

माणूस घाबरला की चिडतो, आणि हितेंद्र तर जन्माचाच चिडका. त्याने ते मडकं उचललं, पाणी अंगणातल्या केळीच्या बुंध्यात ओतलं आणि मडकं नेऊन शेडच्या फळीवर पालथं घातलं.

"नानाच्या तोंडचं पानी काढलं तू," सुनंदाबाई म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पण त्यानंतर त्या त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढायच्या आणि उठून जायच्या.

३

त्याच आठवड्यात नूतनची सोनोग्राफी होती. डॉक्टरीणबाई पडद्याकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या.

"बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. मागच्या वेळी तर छान होतं. काही गळाल्यासारखं वाटतंय का?"

"नाही," नूतन म्हणाली.

"मग भरपूर पाणी प्या, डाव्या कुशीवर झोपा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघू. आणखी उतरलं तर थांबता येणार नाही, दाखल व्हावं लागेल."

'उतरलं' हा शब्द ऐकून हितेंद्रला मडक्यातली पेन्सिलीची खूण आठवली. पण तो शिकलेला माणूस. उन्हाळ्यात कितीतरी बायकांचं असं होतं, हे त्याने डॉक्टरीणबाईंकडूनच दोनदा वदवून घेतलं आणि मगच खुर्चीवरून उठला.

नूतन पाणी पीत राहिली. नारळपाणी, ताक, लिंबू सरबत, जे म्हणाल ते. ओठ मात्र तिचे सुकलेलेच असायचे. एकदा जेवता जेवता तिने घास खाली ठेवला.

"तुम्हाला एक सांगू? हसू नका. रेवा हालते ते मला कळतं, ते आतून असतं. पण दुपारी दुसरंच काहीतरी होतं. बाहेरून कोणीतरी तोंड लावतं."

हितेंद्र हसला नाही. आईकडे त्याने पाहिलं, आणि सुनंदाबाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. त्या नजरेत मायेचा अंश नव्हता.

४

शेडमध्ये त्याला जावंसं वाटत नव्हतं. प्रदर्शनाचं काम पडलं होतं म्हणून गेला.

दुपारच्या उन्हाची तिरीप पत्र्याच्या भोकातून फळीवर पडली होती. तिच्यात ते पालथं मडकं उजळलं होतं. बाहेरून नव्हे, अंगातूनच. कंदिलाच्या काचेसारखा उजेड त्याच्या आरपार जात होता.

हितेंद्रने बाकीची मडकी एकेक करून उन्हात धरली. सगळी तशीच. आपण कालवलेली माती अशी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भाजल्यावर अशी दुधासारखी पांढरी होऊन उजेड सोडणारी माती एकच, जिच्यात हाडांची राख असते ती. परदेशात कपबशा करतात तिच्या. बैलांची हाडं जाळतात, दळतात, मातीत घालतात.

पांढरे खडे त्याला आठवले.

मग त्याने स्वतःशीच वाद घातला. मूठभर खड्यांनी असं होत नाही. असं व्हायला निम्मी माती हाडांची लागते. निम्मी! तेवढं त्यात नव्हतं, त्याने स्वतः मोजून माती घेतली होती. म्हणजे ती हाडं नव्हेत. हे उत्तर त्याला पटलं, आणि पटल्यावर त्याने मडकं खाली ठेवायला वळवलं तेव्हा त्याची बोटं आतल्या बाजूला लागली.

आत खळगे होते. छोटे, एकापाशी एक. ही मडकी हाताने घडवलेलीच नव्हती. पातळ माती साच्यात ओतायची, थर धरला की उरलेली काढून टाकायची, आत बोट जायचं कारणच नाही. हितेंद्रने करंगळीचं टोक एका खळग्यावर ठेवलं. खळगा त्याहूनही लहान होता. बोटं आतून बाहेर दाबलेली होती.

त्याने श्रेयांसला फोन लावला.

"ती मडकी कोणी घडवली होती?"

मग श्रेयांस म्हणाला, "सोनगीरकडचा लोटन म्हणून होता. आहे अजून. हे बघा हितेंद्रभाऊ, मी तुम्हाला ती दिली, विषय संपला. दादाजींनी शेवटी शेवटी घरातलं सगळं पाणी झाकून ठेवायला लावलं होतं, ग्लाससुद्धा. मला परत फोन करू नका."

५

सोनगीरच्या किल्ल्याखालून एक कच्चा रस्ता आत जातो. लोटन खाटेवर बसून होता, लिंबाखाली. हाडकुळा, डोळ्यांवर जाड भिंगं. सुनेने रिवाजाप्रमाणे आधी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. हितेंद्रने मोबाइलवरचा फोटो पुढे केला.

"लोटनआबा, हे काम तुमचंच ना?"

म्हाताऱ्याने मोबाइल हातात घेतला नाही. लांबूनच पाहिलं.

"मनंच शे. खोटं मडकं शे ते. शेणना धूर दिधा, मीठना पानीमा ठेवं, खड्डामा गाडं. बठ्ठं खोटं." त्याने खाकरून थुंकी टाकली. "मजारलं खोटं नव्हतं."

"आतलं? म्हणजे?"

"सेठ म्हने, रिकामं मडकं कोन ली? मजार काहीतरी जोयजे. नदीकाठे धाकला पोरस्ले गाडतस ना, तठे जायेल व्हतू मी."

हितेंद्रने दळलेले पांढरे खडे कुठले, ते आता उघड झालं. लोटनच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, फक्त राग होता, आणि तो सगळा समोरच्यावर.

"बारसं नही व्हयेल पोरे ती. नाव नही, काही नही. आखाजीले त्यास्नी घागर कोन भरस?" मग भिंगांआडचे डोळे एकदम त्याच्यावर स्थिरावले. "तू पानी भरं का त्यामा?"

"हो. म्हणजे मी नवीन केलेल्या मडक्यात. तोच साचा."

"आखाजीले?"

"हो."

"कोना नावनं?"

"कुणाच्याच नाही."

लोटन खाटेवरून उठला. हितेंद्रचा हात तांब्याकडे गेला होता. म्हाताऱ्याने तांब्या त्याच्या हाताखालून ओढला आणि सगळं पाणी धुळीत ओतलं. भर वैशाखात, दारी आलेल्या माणसासमोर. सून तोंडावर पदर घेऊन आत पळाली.

"आठलं पानी तू पिऊ नको. तुना मांगे काय येल शे, माले ठाऊक नही. ते मडकं सुकू दिऊ नको आते. सुकं पडनं का त्या दुसरीकडे पानी सोधतीन."

"मी ते ओतून टाकलं," हितेंद्र म्हणाला. "मागच्याच आठवड्यात."

"जाय," लोटन म्हणाला. "जाय आठून."

६

परतीच्या रस्त्यावर त्याने गाडी कशी चालवली, त्याचं त्याला माहीत. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्यांना नाव नाही म्हणून हे सगळं. मग नाव दिलं की झालं. मडकं भरायचं, नाव घ्यायचं, घागर पुरी करायची. नाव द्यायला काय लागतं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई त्याला लहानपणापासून म्हणत आली होती.

तो पोचला तेव्हा ऊन टळटळीत होतं. त्याने बेल दाबली, ती वाजली नाही. लाइट गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आई गच्चीवर कुरडया काढायला गेली असावी, जिन्यात तिच्या चपला नव्हत्या. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि नूतन डाव्या कुशीवर झोपलेली दिसत होती.

चुळूक. चुळूक चुळूक.

हितेंद्रने कूलरकडे बघितलं. कूलर बंद होता. पंखाही जागच्या जागी उभा होता. आवाज त्या खोलीतूनच येत होता, आणि तो एका तोंडाचा नव्हता.

तो शेडकडे धावला, मडकं आणलं, देवघरासमोर टेकवलं. माठातून तांब्यामागून तांब्या ओतून काठोकाठ भरलं. पाणी हलायचं थांबलं आणि स्वच्छ, निश्चल उभं राहिलं. आतला आवाज चालूच होता.

"पंडितनानांच्या नावाने," तो म्हणाला.

आवाज चालूच. उलट वाढला, घाईघाईचा झाला. नूतन झोपेत कण्हली.

मोठ्या माणसाचं नाव कसं चालेल? ती तर लेकरं. लेकराचं नाव पाहिजे, कुठलंही एखादं, जगात कोट्यवधी नावं आहेत. हितेंद्र आठवू लागला आणि त्याला एकही नाव आठवेना. शेजारच्या पोरांची नाहीत, भाच्यांची नाहीत, शाळेतल्या सोबत्यांची नाहीत. डोकं धुतल्यासारखं कोरं. आत नूतन पुन्हा कण्हली, आणि गेले कित्येक महिने त्या घरात जे एकच लेकराचं नाव सकाळ-संध्याकाळ घेतलं जात होतं, ते त्याच्या तोंडून निघून गेलं.

"रेवाच्या नावाने."

आवाज थांबला.

सगळं घर एकदम गप्प झालं. खिडकीतली तिरीप सरकत मडक्यावर आली होती आणि मडकं उजळलं होतं. त्या दुधी उजेडात, आतल्या बाजूने, एक काळसर आकार काचेला टेकावा तसा टेकला. इवलासा तळवा. पाचही बोटं फाकलेली. शेजारी दुसरा. खाली आणखी. पाणी उतरायला लागलं, सावकाश, खूप दिवसांनी पोटभर मिळालेल्या माणसाने प्यावं तसं, आणि पाण्याबरोबर ते तळवेही खाली खाली गेले. आपण काय बोललो ते हितेंद्रला तेव्हा कळलं. शब्द परत घ्यावा म्हणून त्याने तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटली होती, तोंडात थुंकीसुद्धा नव्हती.

मागे चपलांचा आवाज झाला. सुनंदाबाई उंबरठ्याबाहेर उभ्या होत्या, हातात कुरडयांचं ताट. त्यांनी मडकं पाहिलं, त्यातलं उतरतं पाणी पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्या त्याच्याशी बोलल्या.

"कोनाच्या नावानं भरलं रे?"

हितेंद्रची नजर आतल्या खोलीच्या दाराकडे गेली. आतून नूतनची हाक आली, झोपेतून दचकून उठल्यासारखी.

"अहो, जरा इकडे या ना. रेवा हालत नाहीये."

सुनंदाबाईंनी ताट जमिनीवर ठेवलं. आत जायला त्यांनी पाऊल उचललं, आणि उंबरठ्यावर गेलेल्यांच्या नावाने ओढलेल्या कुंकवाच्या बोटांकडे बघून ते तसंच मागे घेतलं.